पाकाचं सोवळं

मार्च उजाडला की व्हर्माँटमध्ये लोक वाफ बघायला बाहेर पडतात. डोंगरउतारावर एखादं लाकडी खोपट असतं, त्याच्या छपराला झडपा असतात, आणि त्या झडपांतून पांढरे लोट निघू लागले की रस्त्यावरच्या गाड्या थांबतात. या खोपटाला इथे शुगरहाउस म्हणतात. आत लांबलचक स्टीलच्या कढईत मेपलच्या झाडाचा रस उकळत असतो. महिन्याच्या अखेरीस तर अशी कितीतरी खोपटं पाहुण्यांसाठी खुली ठेवतात. माणसं येतात, गोडसर वाफेत उभी राहून फोटो काढतात, कागदी पेल्यातून घोटभर सिरप चाखतात, बर्फावर ओतलेला चिकट पाक काट्याला गुंडाळून खातात, तोंड फार गोड झालं म्हणून त्यावर काकडीचं आंबट लोणचं खातात (ही रीत मी पदरची सांगत नाही), आणि मेपल सिरप कसं करतात ते पाहिलं, असं म्हणत घरी जातात.

खरं म्हणजे त्यांनी फक्त पाणी जाताना पाहिलेलं असतं. सिरप होतं ते नंतर, घरच्या स्वयंपाकघरात, रात्रीची जेवणं उरकल्यावर. तिथे कुणाला आमंत्रण नसतं आणि फोटो काढण्यासारखंही काही नसतं. गाळायचं, तापवायचं, बाटलीत भरायचं, झाकण लावायचं. पण मला विचाराल तर महिनाभराच्या लाकूडतोडीचं आणि जागरणाचं सोनं होतं की माती, हे त्या दोन-तीन तासांत ठरतं. उकळणाऱ्याचं गावभर नाव होतं. गाळणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध जोडपं राहतं. म्हातारबुवांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली, बाई शाळेच्याच स्वयंपाकघरात होत्या. घरामागे मेपलची थोडी झाडं आहेत. त्यांतून निघेल तेवढं सिरप नातवंडांना, चर्चमधल्या मंडळींना आणि आम्हाला. विकायचं काही नाही. मार्चचा पहिला मंगळवार हा इथे गावसभेचा दिवस. सगळं गाव एका दालनात जमून रस्त्याच्या डागडुजीवर आणि शाळेच्या खर्चावर तावातावाने बोलतं, आणि जुन्या शिरस्त्याप्रमाणे झाडांना भोकं पाडायची ती त्याच सुमाराला. हल्ली थंडीचा भरवसा राहिला नाही म्हणून पुष्कळजण आधीच हात घालतात. म्हातारबुवा मात्र सभा आटोपल्याशिवाय गिरमिटाला शिवत नाहीत. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं चालू झालं की झाडाच्या आतला दाब वरखाली होतो आणि भोकात ठोकलेल्या नळीतून रस ठिबकू लागतो. हा रस दिसायला पाणी, आणि चवीलाही जवळजवळ पाणीच. शंभर भागांत साखर दोन भाग. त्याचं सिरप किती होणार याचा हिशोब व्हर्माँट विद्यापीठातल्या जोन्स नावाच्या शास्त्रज्ञाने सोपा करून ठेवला आहे. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. रस दोन टक्के गोड असेल तर एका गॅलन सिरपला ४३ गॅलन रस.

हा हिशोब मी सासऱ्यांना सांगितला आणि फसलो. आप्पांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं. लेकीकडे आले ते नेमके मार्चमध्ये, थंडी ओसरली असेल या समजुतीने. त्यांनी बादलीतला रस ओंजळीत घेऊन चाखला, चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला आणि म्हणाले, “पाव्हणं, ह्यो रस म्हनायचा का पानी? त्रेचाळीस बादल्या आटवायच्या आनि एक हाताला लागायची? ह्यापरीस जळान इकलं असतं तर चार पैसं सुटलं असतं.”

त्यांचंही बरोबरच होतं. उसाचा रस शंभरात अठरा-वीस भाग साखर घेऊनच काहिलीत उतरतो. शिवाय चुलवाणात घालायला त्याच उसाचं चिपाड मिळतं. इथे झाड रस देतं ते उपकार केल्यासारखा, आणि त्याला आटवायला दुसरं झाड तोडावं लागतं. पण दुसऱ्या दिवशी आप्पा खोपटात जाऊन बसले आणि मग ते काही घरी येईनात. कढईवर फेस चढला तेव्हा म्हातारबुवांनी लोण्याचा एवढासा कण आत टाकला. फेस मुकाट्याने खाली बसला. आप्पांनी मान डोलावली. “आमी एरंडेल घालतो,” ते म्हणाले. मी भाषांतर केलं. म्हातारबुवांच्या लहानपणी एरंडेल नाक दाबून पाजत असत. गोड पदार्थात एरंडेल घालून तो खाणारी माणसं जगात आहेत हे ऐकून त्यांनी आप्पांकडे जे पाहिलं, त्यात आदर होता आणि थोडी धास्तीही. पुढे आप्पांनी रानभेंडीचा चिकट रस घालून मळी कशी वर आणतात तेही सांगितलं. एवढं खुलासेवार मी आमच्या ऑफिसातही कधी बोललो नसेन.

पण हे सगळं वाफेचं राज्य झालं. रस पाकाच्या जवळ आला की म्हातारबुवांची सत्ता संपते. शेवटचा हात घरातल्या गॅसवर फिरवायचा असतो, कारण मोठ्या कढईत थोडासाच पाक उरला की तो पाहता पाहता करपतो. उलट सगळाच रस घरात आटवायचं धाडस कुणी करू नये. भिंतीवरचा कागद सुटून खाली येतो, अशी इथली पिढीजात विनोदी तंबी आहे, आणि ज्यांच्या घरी तो खरंच सुटला आहे ते या विनोदाला हसत नाहीत.

तर पातेलं स्वयंपाकघरात आलं आणि बाईंनी ताबा घेतला. सगळ्यांनी कोपरापर्यंत हात धुवायचे. घड्याळं काढायची. म्हातारबुवांनी अंगातलं धुराने माखलेलं जाकीट बाहेर काढून यायचं. आप्पा आले ते नेहमीप्रमाणे डोक्यावर पांढरी टोपी घालून. बाईंनी ती टोपी निरखली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या की बघा, केस झाकून आलेला हा एकच माणूस. आप्पांची टोपी लग्नात, मयतीत, जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर, सगळीकडे मिरवली असेल. पण स्वच्छतेसाठी तिचं कौतुक पहिल्यांदाच झालं. मी भाषांतर करेपर्यंत आप्पांनी ती काढून झटकली आणि पुन्हा नीट बसवली.

सिरप झालं हे ओळखायचं कसं, यावर दोन मतं असायला जागा नाही. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर चार अंश सेल्सिअस. पण पाणी रोज एकाच अंशाला उकळत नाही. हवेचा दाब वरखाली होतो, डोंगरावरचं घर असतं. म्हणून बाई आधी बाजूच्या शेगडीवर साधं पाणी उकळून त्या दिवसाचा अंश बघून घेतात आणि मग पाकाकडे वळतात. त्यावरही विश्वास नाही. उंच अरुंद पेल्यात गरम पाक ओतून त्यात काचेची घनतामापक नळी सोडतात आणि तांबडी रेघ पाकाच्या पातळीला येते का ते वाकून पाहतात. सिरपमध्ये शंभरात किमान ६६ भाग साखर हवी. व्हर्माँटचा कायदा त्याहून कडक, ६६.९. बाईंना काही विकायचं नाही, कायदा त्यांना विचारायला येणार नाही, तरी त्या .९ साठी त्या पातेलं आणखी मिनिटभर गॅसवर ठेवतात. पातळ राहिलं तर आंबतं, बुरशी धरतं. फार दाट झालं तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. आप्पा डाव उचलून पाक कसा गळतो ते बघत होते आणि “अजून लई लांब हाय” असं पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांच्या मनातला शेवट गुळाच्या ढेपेचा होता. ते भाषांतर मी केलं नाही.

आता खरी अडचण. झाडाच्या रसात साखरेबरोबर मातीतले क्षारही असतात. पाणी उडून जातं तसे ते दाटत जातात आणि शेवटी बारीक करड्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. इथे त्याला शुगर सँड म्हणतात. खाल्ल्याने काही होत नाही, पण जिभेला कचकचतं आणि सिरप गढूळ दिसतं. आळशी माणसं बरणी महिनाभर हलवायची नाही एवढंच पथ्य पाळतात आणि वरचं निवळ ओतून घेतात. त्यांच्याबद्दल बाईंचं मत मी इथे लिहीत नाही.

गाळायला जाड फेल्टचा शंकू असतो. तो आधी कढत पाण्यात भिजवायचा, नाहीतर कोरडा फेल्ट पहिलं पावशेर सिरप स्वतःच पिऊन टाकतो. भिजवून निथळू द्यायचा, पिळायचा मात्र नाही. पिळला की धागे मोडतात आणि पुढे वाळू त्यातून खुशाल पार होते. आत एकावर एक पातळ कागदी शंकू बसवायचे. मग ओट्यावरच्या दांडीला तो सगळा प्रकार, श्रीखंडाचा चक्का टांगावा तसा, टांगायचा आणि जवळजवळ उकळता पाक आत ओतायचा. पहिली मिनिटं खाली छान धार लागते. मग धारेचा दोरा होतो, दोऱ्याचे थेंब होतात, आणि दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. पहिला कागद वाळूने चोंदलेला असतो. बाई तो चिमट्याने अलगद उचलतात, कडेला आलेला पाक खालच्या कागदात पडू देतात, आणि पुन्हा धार लागते. कागदाच्या टोकाला करड्या चिखलाचा गोळा राहतो. तो पाहिल्यावर एरवीच्या गढूळ सिरपाकडे माणूस वेगळ्या नजरेने बघू लागतो.

या वेळी प्रत्येक पुरुषाच्या हाताला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे शंकू दाबावा. आप्पांचा हात पुढे गेला. बाईंनी मध्ये डाव आडवा धरला. भाषांतराची गरज पडली नाही. गुऱ्हाळावर ज्यांच्या एका हाकेला दहा गडी पळायचे ते आप्पा हात मागे बांधून उभे राहिले.

थेंब मोजत बसायचं म्हणजे गप्पा आल्याच. म्हातारबुवांची आवडती गोष्ट सरहद्दीपलीकडच्या क्विबेकची. जगातलं बहुतेक मेपल सिरप तिकडे होतं, आणि तिथल्या उत्पादकांच्या संघाने भाव सांभाळायला सिरपाचा मोठा राखीव साठा करून ठेवला आहे. २०११ आणि २०१२ मध्ये त्या साठ्यातलं सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेलं, किंमत अठरा दशलक्ष कॅनेडियन डॉलरच्या घरात. चोरांनी कित्येक पिंपांत पाणी भरून ठेवलं होतं. माल मोजायला आलेला माणूस पिंपांवर चढला, एक पिंप पायाखाली हललं, ते रिकामं निघालं, आणि सगळं उघडकीला आलं. म्हातारबुवा हे सांगताना इतके रंगतात की एखाद्याला त्यांचाच संशय यावा. आप्पांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “आमच्याकडं दुधात पानी घालत्यात. ह्यांनी पुरं पानीच ठिवलं.”

गाळून झालेलं सिरप पुन्हा तापवायचं, आणि इथे बाई कुणाशी बोलत नाहीत. ८२ अंशांच्या खाली भरलं तर झाकणाखाली बुरशीचं फावतं. जास्त तापवावं तर, नव्वदीच्या आसपास गेलं की गाळून काढलेली वाळू पुन्हा नव्याने धरते आणि आरशासारखं झालेलं सिरप ढगाळतं. मधल्या चार-सहा अंशांच्या फटीतून सगळ्या बाटल्या पार व्हायला हव्यात. बाटल्या आधीच कढत पाण्याने धुऊन, निथळून ओव्हनमध्ये कोमट ठेवलेल्या असतात. गार काच तडकते, आणि नाही तडकली तरी सिरप गार करते. भरायचं ते गळ्यापर्यंत, वर हवेला जागा ठेवायची नाही. मग सगळ्यात बारीक काम. बाटलीच्या तोंडाशी आट्यांवर एखादा थेंब ओघळलेला असतोच. तो राहिला तर महिन्याभराने झाकण दगडासारखं चिकटतं, नाहीतर नेमकी तिथेच बुरशी बसते. बाई गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो पुसतात, फडकं दुमडून कोरी बाजू घेतात, एकदा फिरवून पुन्हा पुसतात. लगेच झाकण. झाकण लागलं की बाटली आडवी, म्हणजे कढत सिरप झाकणाच्या आतल्या बाजूला लागून तीही शुद्ध होते. आडव्या बाटल्यांमध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवायचं. दाटीवाटीने ठेवल्या तर ऊब निघून जात नाही आणि आतल्या आत सिरप शिजून काळवंडतं.

झाकणं देण्याचं काम आप्पांकडे आणि बाटल्या आडव्या करण्याचं म्हातारबुवांकडे होतं. दोघेही आपापल्या मुलखातले कढईचे मालक, आणि त्या रात्री दोघांच्या तोंडून शब्द नाही. मीच न राहवून विचारलं की घरच्याच माणसांना द्यायचं असताना एवढा आटापिटा कशासाठी? एखादा थेंब राहिला तर राहिला. बाई हातातलं फडकं दुमडत म्हणाल्या, “मी ज्याला बाटली देते तो माझ्यासमोर उघडत नाही.”

हे मी आप्पांना मराठीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही बाई गुळव्या व्हायला पायजे हुती.” याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही. पोटच्या मुलालाही त्यांनी ती दिलेली नाही.

फेल्टचं काय करायचं हा धडा शेवटी झाला. त्याला साबण लावायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने उलटासुलटा धुवायचा आणि अगदी खडखडीत वाळवायचा. फेल्ट साबणाचा वास धरून ठेवतो आणि पुढच्या खेपेला सिरपाला देतो. दमट ठेवला तर कुबट वास धरतो, तोही इमाने इतबारे देतो. वर्षभराने डोशावर घातलेल्या सिरपाला बंद कपाटाचा वास का येतो याचं उत्तर बहुधा तिथे असतं. (होय, आम्ही डोशावर घालतो. लोणच्याबरोबर खाणाऱ्यांनी नावं ठेवू नयेत.)

बाटल्या गार झाल्यावर म्हातारबुवांना पुन्हा कंठ फुटला. त्यांनी एकेक बाटली खिडकीशी धरून रंग ठरवले. २०१४ मध्ये व्हर्माँटने सिरपाच्या प्रतींची नावं बदलली. आता सोनेरीपासून अतिगडदपर्यंत सगळीच ‘ए’ प्रतीची, फरक फक्त रंगाचा आणि चवीचा. म्हातारबुवा अजून जुनं ‘फॅन्सी’ हेच नाव घेतात आणि ते हंगामाच्या सुरुवातीच्या फिकट सिरपालाच देतात. आप्पांना मात्र गडदच आवडलं. फिकट सिरप त्यांच्या मते अजून लहान आहे. त्यांना कोडं पडलं होतं ते बाटलीच्या गळ्याशी असलेल्या इवल्याशा काचेच्या कड्याचं. त्यात करंगळीही जात नाही. पूर्वी सिरप मोठ्या मातीच्या बुधल्यांत असे, त्यांना धरायला मूठ होती. बुधला लहान होत गेला आणि मूठ नुसती शोभेची उरली, असं इथे सांगतात. आप्पांनी करंगळी घालून बघितली, मग दुसऱ्या हाताची, आणि बाटली परत ठेवली.

परत जाताना त्यांच्या सामानात गडद सिरपाच्या बाटल्या होत्या, प्रत्येक बाटली एकेका स्वेटरात गुंडाळलेली. कोल्हापूरला नातेवाइकांनी भाकरीशी, थालीपिठाशी, दह्यात घालून चव घेतली आणि काकवीच की ही, जरा पातळ आणि धुराची, असा निकाल दिला. काही चुकीचा नव्हता. काकवी आमच्या घरी कधी फ्रीजमध्ये गेलेली नाही. ती कट्ट्यावर असते आणि येणारा-जाणारा हाताला लागेल तो चमचा घालतो. सिरपाचीही तीच गत होणार हे मी धरून चाललो होतो, कारण उघडलेली बाटली बाहेर राहिली की बुरशी यायला वेळ लागत नाही.

परवा फोनवर मेहुण्याची बायको तक्रार करत होती. बाटली फ्रीजमध्ये आहे, अगदी वरच्या कप्प्यात, आणि आप्पांशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. मागितलं तर ते आधी हात धुतलेत का ते बघतात, मग स्वतः ओततात, मग ओल्या फडक्याने बाटलीचं तोंड पुसतात, फडकं दुमडून पुन्हा पुसतात. धाकटा नातू म्हणाला, आजोबा, गुऱ्हाळावर तर आपण काकवी बोटानं चाटायचो.

“ती काहिलीतली हुती,” आप्पा म्हणाले. “हे पायजे आसंल तर आदी टोपी घालून ये.”